उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज : तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

घरातले माणूस गेल्यावर बँक किंवा कंपनी सांगते, "कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा." हेच उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे मृताच्या ठेवी, शेअर्स अशा रकमा गोळा करण्याचा अधिकार देणारा न्यायालयाचा कागद. मग लोक थेट वकिलाकडे जातात, वकीलपत्रावर सही करतात आणि कागद गोळा करायला तिथून पुढे सुरुवात करतात. महिने वाया जातात ते याच उलट्या क्रमामुळे. न्यायालयाचे काम तुमच्या अर्जावर चालते. वारसांची जी यादी तुम्ही द्याल तिच्यावर नोटिसा निघतात आणि खात्यांचा जो तपशील द्याल तोच शेवटी प्रमाणपत्रात उतरतो. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला तरी बँक प्रमाणपत्र परत करते.

महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका पातळीवरच्या दिवाणी न्यायालयांत 'भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५' च्या कलम ३७२ खाली जो अर्ज करतात, त्याची ही वाट आहे. मुंबई शहरात हे काम उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चालते आणि तिथले नमुने वेगळे आहेत. गोव्यात मिळकतीची वाटणी 'इन्व्हेंटरी'च्या कार्यवाहीने होते, तिथे हा लेख लावू नका.

१. कोर्टात जायची गरज आहे का, ते आधी पाहा

सगळ्यांत आधी नामनिर्देशन पाहा. खात्यावर नॉमिनी असेल, किंवा खाते संयुक्त असून 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो' अशा अटीचे असेल, तर बँकेने रक्कम देण्यासाठी न्यायालयाचे प्रमाणपत्र मागायचे नसते. रक्कम कितीही असली तरी हाच नियम आहे.

नॉमिनी नसला तरी छोट्या रकमांसाठी सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार व्यापारी बँकांत १५ लाख रुपयांपर्यंतचे आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतचे दावे बँकेने वारसांच्या हमीपत्रावर व ना-हरकतीवर निकाली काढायचे आहेत. मृत्युपत्र नसावे, वारसांत वाद नसावा आणि न्यायालयाची मनाई नसावी, एवढ्याच अटी आहेत. सर्व कागद दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. शाखेत तोंडी "कोर्टात जा" असे सांगितले तर लेखी मागा. त्या एका लेखी ओळीसाठी अर्ज दिला की बऱ्याच शाखा नियम उघडून पाहतात.

शेअर्सनाही अशीच सवलत आहे. डीमॅट खात्यातल्या १५ लाखांपर्यंतच्या आणि कागदी स्वरूपातल्या एका कंपनीच्या ५ लाखांपर्यंतच्या शेअर्सना सोपी पद्धत लागू होते.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. नॉमिनीला रक्कम मिळते म्हणजे तो मालक होतो असे नाही. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्येच सांगितले, आणि कंपनीच्या शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, हक्क वारसांचाच राहतो.

> तपासा : प्रत्येक बँक, कंपनी, विमा कार्यालय यांच्याकडून "नामनिर्देशन आहे की नाही" आणि "कोणता कागद हवा" हे लेखी घेतले का? या उत्तरांशिवाय पुढे जाऊ नका.

२. नेमका कोणता दाखला हवा आहे?

'वारस दाखला' या एकाच नावाखाली लोक तीन वेगवेगळे कागद मागतात.

शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची असतील तर बहुतेक वेळा न्यायालयात जावे लागत नाही. गावच्या तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वारस नोंदीचा अर्ज द्या, फेरफार तिथेच होतो. घर, फ्लॅट, प्लॉट यांसाठी किंवा एकूण वारस म्हणून ओळख हवी असेल तर '१८२७ चा मुंबई विनियम ८' या जुन्या कायद्याखालचे वारसा प्रमाणपत्र असते आणि ते दिवाणी न्यायालय देते. उत्तराधिकार प्रमाणपत्र फक्त येणे रक्कम व रोखे यांच्यासाठी आहे, म्हणजे बँकेतील ठेव, विम्याची रक्कम, कंपनीचे शेअर्स, कर्जरोखे, सरकारी रोखे, मृताला कोणाकडून येणे असलेले पैसे.

या अर्जात फ्लॅट घालू नका. लॉकरमधले दागिनेही नकोत, लॉकरचा दावा बँकेत वेगळा करायचा असतो. गाडी आरटीओच्या नमुना ३१ वर नावावर होते.

> सावधान : मृत्युपत्र सापडले असेल तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा. मृत्युपत्र असताना ते लपवून केलेला अर्ज पुढे रद्द होऊ शकतो, आणि खोटे कथन केल्याची जबाबदारी अर्जदारावर येते.

३. न्यायालय ठरवा

कलम ३७१ चा नियम सोपा आहे. मृत व्यक्ती मृत्यूच्या वेळी नेहमी जिथे राहत होती, तिथले न्यायालय. खाते कुठे आहे, मृत्यू कुठल्या रुग्णालयात झाला, अर्जदार मुलगा कुठे नोकरी करतो, याला इथे महत्त्व नाही. वडील कराडला राहत होते, उपचारासाठी पुण्याला आणले आणि तिथेच गेले, तर अर्ज पुण्यात चालणार नाही. कायमचे राहण्याचे ठिकाणच नव्हते, अशा वेळीच मिळकतीचा काही भाग जिथे असेल तिथल्या न्यायालयात जाता येते.

कायद्यात 'जिल्हा न्यायाधीश' असा शब्द असला तरी कलम ३८८ खाली हे अधिकार खालच्या न्यायालयांना देता येतात, आणि व्यवहारात अर्ज बहुधा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. तुमच्या तालुक्याला वरिष्ठ स्तर न्यायालय आहे की जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागेल, ते न्यायालयाच्या दाखल विभागात विचारा.

मृत्यूच्या दाखल्यावर रुग्णालयाचे शहर असते, म्हणून राहण्याचा वेगळा पुरावा लावा. मृताचे रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव, वीजबिल, आधार यांपैकी दोन तरी असू द्या.

४. वारसांची यादी

अर्ज अडकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, म्हणून इथे घाई नको.

वारस कोण, हे मृत्यूच्या दिवशीच्या स्थितीवरून ठरते. अर्ज आज करत असलात तरी प्रश्न एकच विचारायचा, त्या दिवशी कोण हयात होते?

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर 'हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६' च्या वर्ग १ मधले वारस एकाच वेळी हक्कदार होतात. त्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात. आईचे नाव सर्वांत जास्त वेळा गळते. "आईला काय करायचंय पैसे, तिचं सगळं आम्हीच बघतो," असे म्हणून नाव वगळले जाते, आणि मग न्यायालय विचारते की मृताची आई हयात आहे का. वडील मात्र वर्ग १ मध्ये नाहीत.

आई मुलाच्या मृत्यूच्या दिवशी हयात होती आणि नंतर वारली, तर गुंता वाढतो. तिचा हिस्सा मुलाच्या मृत्यूच्याच दिवशी तिच्याकडे गेलेला असतो, त्यामुळे तिचे वारस, म्हणजे मृताचे भाऊ-बहीणही, यादीत येतात. घरात कोणाला हे पटत नाही, पण नोटीस त्यांनाही काढावी लागते.

लग्न झालेल्या मुली वारस आहेतच. हक्कसोड करणार असल्या तरी नाव लिहावेच लागते, सोडायचा हक्क आधी कागदावर यायला हवा. मृताच्या आधी वारलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांची मुले येतात. आधी वारलेल्या मुलाची विधवा येते, आधी वारलेल्या मुलीचा नवरा येत नाही. दत्तक मूल आले. वेगळी राहणारी, पण घटस्फोट न झालेली पत्नी ही पत्नीच. पहिली पत्नी हयात असताना केलेल्या दुसऱ्या लग्नातली स्त्री कायद्याने विधवा ठरत नाही, पण त्या लग्नातली मुले वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत वारस असतात. अशी मुले वगळून केलेले अर्ज जाहीर नोटिशीनंतर आक्षेपात सापडतात.

हिंदू स्त्री वारली असेल तर क्रम वेगळा. मुलगे, मुली आणि नवरा हे पहिले. मूल नसेल तर पैसा आला कुठून हे पाहावे लागते. आईवडिलांकडून वारशाने आलेले वडिलांच्या वारसांकडे जाते, नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून वारशाने आलेले नवऱ्याच्या वारसांकडे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना त्यांचे त्यांचे नियम लागू होतात, तिथे ही यादी वापरू नका.

आता वंशावळ काढा. कोऱ्या कागदावर मृताचे नाव वर, खाली प्रत्येक वारसाचे पूर्ण नाव, वय, नाते, आजचा राहण्याचा पत्ता. वारलेल्यांच्या पुढे मृत्यूची तारीख. ही वंशावळ घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला दाखवा. आजी-आत्यांना जे आठवते ते कागदपत्रांत कधी कधी नसते.

> सावधान : कलम ३७२ मध्ये मृताचे कुटुंबीय व जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते देणे बंधनकारक आहे. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, आणि खोट्या कथनावर मिळवलेले प्रमाणपत्र कलम ३८३ खाली रद्द होते.

५. रकमांचे परिशिष्ट

अर्जाच्या शेवटी 'परिशिष्ट अ' जोडतात. न्यायालयाने द्यायच्या प्रमाणपत्रात हाच तक्ता उतरतो, म्हणून तो पासबुकावरून स्वतः तयार करू नका. प्रत्येक बँकेकडून शिक्क्याचे पत्र घ्या आणि त्यावरून तक्ता भरा. एका ओळीत इतके असावे :

*बँकेचे नाव व शाखा – खाते किंवा ठेव क्रमांक – खातेदाराचे नाव, बँकेच्या नोंदीत आहे तसे – ठेवीची तारीख व मुदत संपण्याची तारीख – अमुक दिनांकास व्याजासह होणारी रक्कम.*

मुदत ठेवींत फसगत होते ती अशी. घरात पावती जुनी असते, पण ठेव आपोआप नूतनीकरण होऊन क्रमांक बदललेला असतो. तुम्ही जुना क्रमांक लिहिता आणि बँकेच्या संगणकात तो बंद दिसतो. विलीन झालेल्या बँकांचेही तसेच आहे. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. अशा वेळी जुने पासबुक पुराव्याला जोडा, पण परिशिष्टात आजची बँक, आजची शाखा आणि आजचा क्रमांकच लिहा.

शेअर्ससाठी कंपनीचे नाव, शेअर्सची संख्या, दर्शनी किंमत, कागदी असतील तर फोलिओ क्रमांक व प्रमाणपत्र क्रमांक, डीमॅट असतील तर डीपी आयडी व क्लायंट आयडी. जुन्या कागदी शेअर्सवर बोनस मिळालेला असतो किंवा शेअरचे तुकडे झालेले असतात, त्यामुळे घरातल्या कागदावरची संख्या आणि कंपनीच्या नोंदीतली संख्या जुळत नाही. कंपनीच्या रजिस्ट्रारकडून (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून) पत्र घेतल्याशिवाय संख्या लिहू नका.

किंमत अर्जाच्या तारखेच्या जवळची हवी. येणे रकमेत त्या दिवसापर्यंतचे व्याज धरतात, रोख्यांचा बाजारभाव घेतात, आणि कोर्ट फी याच आकड्यावर बसते. सहा महिन्यांपूर्वीचे बँकेचे पत्र लावले तर कार्यालय नवे मागू शकते.

कोणती खाती आहेत हेच माहीत नसेल तर मृताची जुनी प्राप्तिकर विवरणपत्रे, टपाल आणि मोबाइलवर येणारे बँकांचे संदेश पाहा. दहा वर्षे पडून राहिलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' पोर्टल आहे. हे काम अर्जाच्या आधी करा.

> तपासा : परिशिष्टातला प्रत्येक क्रमांक एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने बँकेच्या पत्रावर बोट ठेवून पडताळायचा. टंकलेखनानंतर पुन्हा एकदा.

६. नावांतला फरक आधीच मिटवा

मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव, पासबुकावर आद्याक्षरे, शेअरवर आडनावाचे वेगळे स्पेलिंग. विवाहित मुलींचे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचे आधारवर. असा फरक असेल तर अर्जातच सरळ परिच्छेद घाला की अमुक आणि तमुक या एकाच व्यक्तीची नावे आहेत, आणि दोन्ही नावे दाखवणारा एखादा कागद जोडा. मृत्यूच्या दाखल्यात उघड चूक असेल तर ती नोंदणी कार्यालयातून आधी दुरुस्त करून घ्या. प्रमाणपत्रावर मृताचे नाव 'उर्फ'सह यावे अशी विनंतीही अर्जात करा, नाहीतर बँक नाव जुळत नाही म्हणून अडते.

७. अर्जाचा मसुदा

हा दावा नसून अर्ज आहे, म्हणून न्यायालयात तो 'किरकोळ अर्ज' म्हणून नोंदला जातो. पण सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याचे सहीनिशी लिहून देणे) दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या वादपत्रासारखेच लागते. भाषा मराठी चालते. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, त्यामुळे स्वतःला न समजणाऱ्या इंग्रजी मसुद्यावर सही करू नका. मराठीत मागा, वाचा, मग सही करा.

कलम ३७२ प्रमाणे अर्जात या गोष्टी आल्याच पाहिजेत :

- मृत्यूची तारीख व वेळ
- मृत्यूच्या वेळचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण, ते या न्यायालयाच्या हद्दीत असल्याचे कथन
- कुटुंबीय व जवळचे नातेवाईक, त्यांचे पत्ते
- अर्जदार कोणत्या हक्काने मागतो (पत्नी, मुलगा, मुलगी इत्यादी)
- प्रमाणपत्र देण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नसल्याचे कथन
- ज्या रकमा व रोख्यांसाठी प्रमाणपत्र हवे, त्यांचा तपशील

या सहांपैकी पाचवा मुद्दा मसुद्यांतून सर्रास सुटतो. मृत्युपत्र नाही, दुसऱ्या न्यायालयात असा अर्ज केलेला नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहा.

जे वारस बरोबर येतात ते अर्जदार, बाकीचे सगळे सामनेवाले. 'सामनेवाला' म्हटल्यावर बहिणी दुखावतात. हे भांडणाचे लक्षण नाही, नोटीस देण्याची रीत आहे, हे त्यांना आधी फोन करून सांगा. बेलिफ (नोटीस बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी) दारात आल्यावर कळले तर जी संमती मिळणार होती ती जाते. अज्ञान (वयाने सज्ञान नसलेला) वारस असेल तर त्याच्या वतीने पालकाचे नाव लागते. पालकाचेच हित मुलाच्या विरोधात असेल तर दुसरी व्यक्ती नेमावी लागते.

विनंतीच्या कलमात फक्त "प्रमाणपत्र द्यावे" असे मोघम लिहू नका. रोख्यांवर दोन प्रकारचे अधिकार मागता येतात, एक व्याज किंवा लाभांश घेण्याचा आणि दुसरा रोखे विकण्याचा किंवा हस्तांतर करण्याचा. शेअर्स नावावर करायचे असतील तर दुसरा अधिकार मागितलाच पाहिजे. ठेवींबाबत "प्रत्यक्ष रक्कम मिळेपर्यंतच्या व्याजासह" हे शब्द घाला.

शेवटी सत्यापन. स्वतःला माहीत असलेले परिच्छेद कोणते आणि ऐकीव माहितीवरचे कोणते, हे क्रमांकाने सांगावे लागते :

*"मी, अर्जदार क्र. १, असे सत्यापन करतो की परिच्छेद १ ते ८ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे व परिच्छेद ९ ते ११ मधील मजकूर मिळालेल्या माहितीवर आधारित असून तो मी खरा मानतो. आज दिनांक … रोजी … येथे सही केली."*

तारीख, ठिकाण आणि परिच्छेदांचे क्रमांक यांपैकी एकही रिकामे राहिले की अर्ज त्रुटीत जातो. मसुद्यात ऐनवेळी एखादा परिच्छेद वाढवला तर सत्यापनातले क्रमांकही बदला.

> सावधान : न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात १०० किंवा ५०० रुपयांचा मुद्रांक कागद लागत नाही. साध्या कागदावर, योग्य अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन चालते. आवारात कोणी स्टॅम्प पेपर घ्यायला लावत असेल तर आधी कार्यालयात विचारा.

८. कागदांची जुळणी आणि दाखल करणे

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, कागदांची यादी (फेरिस्त), कागदांच्या प्रती, आणि सामनेवाल्यांच्या संख्येइतक्या अर्जाच्या जास्तीच्या प्रती द्यायच्या असतात. कागद म्हणजे मृत्यूचा दाखला, राहण्याचा पुरावा, नाते दाखवणारे दाखले, सर्वांची ओळखपत्रे, वंशावळ, बँकांची पत्रे, ठेव पावत्या. मूळ कागद जपून ठेवा. दाखल करताना प्रती चालतात, पण पुराव्याच्या दिवशी मूळ दाखवावेच लागतात. मूळ ठेव पावती बँकेत जमा करून टाकली असेल तर पोच हातात असू द्या.

परदेशात असलेला वारस येऊ शकत नसेल तर त्याचे कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीपुढे करून घ्या. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत बरेच जण चुकवतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. 'विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७' खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधवा अर्जदारांनी ही सोय जरूर घ्यावी. न्यायालयाच्या इमारतीतच तिचे कार्यालय असते.

दाखल झाल्यावर कार्यालय छाननी करते. त्रुटी निघाल्या तर त्या दिलेल्या मुदतीत दूर करा. नंतर अर्जाला क्रमांक आणि १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) मिळतो. तो लिहून ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढच्या तारखा त्यावरूनच दिसतात. वकिलाच्या फोनची वाट पाहत बसण्यापेक्षा हे बरे.

९. नोटीस आणि जाहीर नोटीस

कलम ३७३ प्रमाणे न्यायालय सुनावणीची तारीख ठरवते, संबंधितांना नोटीस काढते आणि न्यायालयाच्या फलकावर नोटीस लावते. बहुधा वर्तमानपत्रातही जाहीर नोटीस देण्याचा आदेश होतो.

नोटिशीचा भत्ता (नोटीस बजावण्याचा खर्च) भरल्याशिवाय नोटीस निघत नाही. आदेश झाला त्याच आठवड्यात भरा. चार-चार तारखा "भत्ता भरला नाही" या एका नोंदीवर गेलेल्या रोजनाम्यात (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदवहीत) दिसतात. पत्त्यात घर क्रमांक, गल्ली, ओळखीची खूण घाला, बेलिफाचा "पत्ता सापडत नाही" असा शेरा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

संमत असलेल्या वारसांनी नोटिशीची वाट पाहू नये. ओळखपत्रासह न्यायालयात हजर होऊन हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र किंवा पुरसिस (न्यायालयाला द्यायचे सहीचे लेखी निवेदन) द्यावी. घरी बसून सही करून पाठवलेला साधा कागद अनेकदा मान्य होत नाही.

जाहीर नोटीस छापून आल्यावर कात्रण नको, वर्तमानपत्राचा पूर्ण मूळ अंक आणि बिल जमा करा. छापण्याआधी मजकूर स्वतः वाचा. मृताचे नाव, अर्ज क्रमांक आणि हरकतीची तारीख यांत चूक झाली तर नोटीस पुन्हा द्यावी लागते आणि खर्च दुप्पट होतो.

१०. पुरावा

हरकत आली नाही तरी पुरावा द्यावाच लागतो. अर्जदार सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र (स्वतःची साक्ष शपथेवर लिहून) देतो आणि मूळ कागद दाखवून त्यांना निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून न्यायालयाने दिलेला क्रमांक) घेतो. प्रतिज्ञापत्रातल्या तारखा आणि रकमा अर्जाशी जुळतात का, ते आदल्या दिवशी वाचून या.

हरकत आली तर घाबरून जाऊ नका. ही चौकशी संक्षिप्त असते आणि प्रथमदर्शनी कोणाचा हक्क चांगला आहे एवढेच पाहिले जाते. इथल्या निर्णयाने मालकीचा प्रश्न कायमचा मिटत नाही, त्यासाठी स्वतंत्र दावा करता येतो. म्हणूनच घरच्या सगळ्या जुन्या तक्रारी या अर्जात ओढू नका. त्यांनी काम लांबते आणि हाती काही लागत नाही.

११. आदेश ते प्रमाणपत्र

अर्ज मंजूर झाला म्हणजे प्रमाणपत्र हाती आले असे नाही. बरेच जण आदेशाची नक्कल घेऊन बँकेत जातात आणि परत येतात.

आधी कोर्ट फी. कायद्याप्रमाणे तितकी रक्कम अर्जासोबतच जमा करायची असते, पण अनेक न्यायालयांत ती आदेशानंतर भरून घेतात. म्हणून दाखल करतानाच कार्यालयाकडून आकडा काढून पैशांची तरतूद ठेवा. खात्यातले पैसे अडकलेले असताना ही फी कुठून भरायची, हा प्रश्न ऐनवेळी उभा राहतो. स्त्रियांना काही प्रकारच्या प्रकरणांत फी माफ असते, ती तुमच्या अर्जाला लागू होते का हे न्यायालयाच्या कार्यालयाकडून आधी कळून घ्या, गृहीत धरू नका.

मग बंधपत्र, म्हणजे रकमेचा योग्य हिशेब देईन अशी लेखी हमी. कलम ३७५ खाली न्यायालय अर्जदाराकडून जामीनदारासह बंधपत्र मागू शकते. अज्ञान मुलाचा हिस्सा असेल तर त्याची रक्कम तो सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवण्याचा आदेशही होतो. तो आदेश शब्दशः पाळा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर काउंटर सोडण्याआधी परिशिष्ट पुन्हा पडताळा. टंकनाची चूक दिसली तर तिथेच दुरुस्तीचा अर्ज द्या. मूळ प्रमाणपत्र कोणाकडे सोडू नका. जितक्या बँका व कंपन्या असतील तितक्या प्रमाणित नकला नक्कल विभागातून घ्या.

बँक या कागदाचा इतका आग्रह का धरते, तर कलम ३८१ खाली प्रमाणपत्रधारकाला सद्भावनेने पैसे दिले की तिची जबाबदारी संपते. तुमची मात्र तिथे सुरू होते. तुम्ही रक्कम सर्व वारसांच्या वतीने गोळा करता, प्रत्येकाचा हिस्सा त्याला द्यावाच लागतो. रोखीत देऊ नका. बँकेतून हस्तांतर करा, सहीची पावती घ्या आणि जो वारस आपला हिस्सा दुसऱ्याला सोडतो त्याच्याकडून तसे लेखी घ्या.

१२. नंतर आणखी खाते सापडले तर

नवा अर्ज पहिल्यापासून करू नका. कलम ३७६ खाली त्याच न्यायालयात प्रमाणपत्राचा विस्तार मागता येतो. मूळ प्रमाणपत्र, नव्या खात्याचे बँकेचे शिक्क्याचे पत्र आणि वाढीव रकमेवरची फी एवढे घेऊन जा. वारसांपैकी कोणी मधल्या काळात वारले असेल तर त्यांच्या वारसांची नावे व पत्ते अर्जात पहिल्या परिच्छेदातच सांगा.